पुण्यात बागेला आणि बसला किती पैसे द्यायचे हे नक्की ठरवतं कोण? आपलं काही चालतं का त्यात?

तुम्ही विचारलंय की कोपऱ्यावरच्या बागेसाठी निधी नाही म्हणतात, बसची वाट बघून पाय दुखतात, मग जायचं कुणाकडे. मी रोज पीएमपीच्या, म्हणजे शहराच्या, बसने फिरते आणि दरवर्षी महापालिकेचं बजेट आलं की बसून वाचते, त्यामुळे जे कळलंय ते सांगते.

आधी हे लक्षात घ्या की इथे "सरकार" म्हणून एकच कोणी नाहीये. बाग महापालिकेच्या उद्यान विभागाची. बस पीएमपीएमएलची (म्हणजेच पीएमपी), ती वेगळी कंपनी आहे, २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून काढलेली. मेट्रो महामेट्रोची, म्हणजे केंद्र आणि राज्य सरकारच्या कंपनीची, पण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. आणि टेकड्यांवरच्या आरक्षणाचा, म्हणजे तिथली जमीन कशासाठी राखून ठेवायची याचा, शेवटचा शब्द मंत्रालयात, नगरविकास खात्याचा. म्हणजे बागेच्या गेटसमोर बसथांबा असेल तर गेटच्या आत एक खातं आणि बाहेर दुसरं, म्हणून माणूस एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

बसचं बघा. तिकिटातून खर्च निघत नाही, शहर बससेवेत तो बहुतेक कुठेच निघत नाही, म्हणून उरलेली तूट दोन्ही महापालिका भरतात, पुणे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के. बजेटमध्ये हे "संचलन तूट" म्हणून येतं आणि लगेच ओरड होते की बस तोट्यात आहे. मला याचा मनापासून राग येतो. उड्डाणपूल बांधला की आपण त्याला तोटा म्हणतो का? रस्ता सहा महिन्यांत दोनदा उकरून परत डांबर टाकलं तरी तो "विकास", आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईला कामावर पोचवणारी बस मात्र तोटा.

१ जून २०२५ पासून भाडं वाढलं, ते तर तुम्हाला माहीतच असेल. कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं, महिन्याचा पास ९०० वरून १५००. त्या आठवड्यात माझ्या शेजारच्या सीटवर एक आजी बसल्या होत्या, पाचचं नाणं आधीच मुठीत काढून ठेवलेलं, कंडक्टर म्हणाला आजी आता दहा, तर त्यांनी पदराची गाठ सोडून अजून एक पाचचं नाणं काढलं आणि पुढचा सगळा वेळ ती गाठ परत बांधत बसल्या. डिझेल महागलंय, पगार वाढलेत, अकरा वर्षं दर वाढवले नव्हते, सगळं मान्य आहे मला, पण मग दर दोन वर्षांनी रुपया रुपया वाढवायचा होता ना, एकदम दुप्पट केलं की ज्याला परवडतं तो हप्त्यावर दुचाकी घेतो आणि तो बसमध्ये परत येत नाही.

बागांची गोष्ट वेगळी आहे. नवीन बागेचं उद्घाटन होतं, फलक लागतो, पण माळी, पाणी, तुटलेला झोका यासाठी दरवर्षी लागणाऱ्या पैशाचा फलक कोण लावणार. आणि मोठी हिरवी जागा म्हणाल तर टेकड्या. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. माजी महापौर वंदना चव्हाणांसारख्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पण त्यातली बरीच जमीन खासगी आहे, मोबदला किती आणि कसा द्यायचा यावर घोडं अडलंय, आणि जमीन ताब्यात आल्याशिवाय नुसत्या नकाशावरच्या हिरव्या रंगाने झाड वाचत नाही.

आता आपलं काही चालतं का. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकच, म्हणजे सरकारने नेमलेले अधिकारीच, बजेट करत होते, तेव्हा विचारायला दारात कोणी नव्हतंच. तरी एक वाट आहे जी फार लोकांना माहीत नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी बजेटमध्ये कामं सुचवायची पद्धत आहे, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या आपल्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतात, काम ५ लाखांच्या आतलं हवं. बाक, दिवे, फुटपाथ, बसथांबा असली कामं त्यात बसतात. लोक मे महिन्यात तक्रार घेऊन जातात तेव्हा त्या वर्षीचं बजेट मंजूर होऊन गेलेलं असतं.

आम्ही तिघी मैत्रिणींनी एका वर्षी फॉर्म भरला होता. आधी "बागेत दिवे हवेत" एवढंच लिहिणार होतो, मग तिथल्या माळीकाकांनी सांगितलं की ताई असं मोघम नका लिहू, मागच्या गेटपासून बोअरिंगपर्यंत दोन खांब असं लिहा, म्हणजे इंजिनिअरला येऊन मोजता येतं. तसंच लिहिलं, आणि दिवे लागले, वेळ लागला पण लागले. तुम्हीपण जागा अशीच नेमकी लिहा, शक्य असेल तर फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. बसची फेरी वाढवायची असेल तर मात्र हा फॉर्म चालत नाही, त्यासाठी पीएमपीच्या डेपोत वेगळा अर्ज द्या, मार्ग नंबर आणि किती वाजता गर्दी असते ते लिहून.