मधेच सोडता येईल असाच छंद धरा

एक दुपार चित्र काढत बसलं की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, मग छंद करायचा तरी कसा, असं विचारलंयत. मला एमई/सीएफएस (थोड्या श्रमानेही आडवं करणारा, दीर्घकाळ टिकणारा थकव्याचा आजार) बरीच वर्षं आहे. माझं सरळ मत, छंद कुठलाही घ्या, पण तो कुठल्याही क्षणी खाली ठेवता आला पाहिजे.

म्हणूनच मी दोन सुयांच्या विणकामापेक्षा क्रोशे सांगेन. विणकामात अख्खी ओळ सुईवर असते, निसटली की टाके उसवत जातात, मग "एवढी ओळ संपवते न् ठेवते" असं करत आपण ताणत राहतो आणि तिथेच घात होतो. क्रोशात सुईवर एकच टाका, त्यात सेफ्टी पिन अडकवायची, झालं काम. लोकर जाड आणि फिकट रंगाची घ्या, काळ्या लोकरीत टाके शोधण्यातच डोकं दमतं. मोजावं लागेल असं डिझाइन अजिबात नको (ब्रेन फॉगमध्ये, म्हणजे डोकं धुक्यात गेल्यासारखं होतं तेव्हा, सातानंतर काय येतं तेही आठवत नाही!), नुसते मुके खांब (क्रोशाचा अगदी साधा टाका) घालत जायचं. आणि कोपरांखाली उशी हवीच, हात अधांतरी धरण्यातच निम्मी ताकद जाते.

चित्रंच आवडत असतील तर पोस्टकार्डाएवढा कागद आणि दांड्यात पाणी भरायचा वॉटरब्रश, म्हणजे मांडामांड नाही, आवराआवर नाही. फ्रेंच चित्रकार मातीसने १९४१ च्या मोठ्या ऑपरेशननंतर ईझलसमोर उभं राहणं झेपेना तेव्हा कात्री घेतली, रंग लावलेले कागद कापून चित्रं केली. अर्थात कागद रंगवून द्यायला त्याच्याकडे मदतनीस होते, आपल्याकडे नाहीत :)

वेळेचं म्हणाल तर "आत्ता बरं वाटतंय" यावर विसंबू नका, या आजारात केलेल्या श्रमाचा फटका बरेचदा १२ ते ४८ तासांनी बसतो. टायमर लावा आणि अजून करावंसं वाटत असतानाच थांबा. रोज थोडं थोडं वाढव म्हणजे स्टॅमिना येईल असं सांगणारे भेटतीलच, पण ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस संस्थेने २०२१ च्या गाइडलाइनमध्ये ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा व्यायाम या आजारात देऊ नका असंच म्हटलंय, मग छंदाला वेगळा नियम कशाला.

बाकी तुमचा थकवा नेमका कशाचा ते लिहिलं नाहीये. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ तपासून झालंय ना? नसेल तर लोकर नंतर, आधी ते.