मराठी फोनवर ॲप बंद का पडतं? आणि वाचकांचे इतर प्रश्न

प्रश्न : कापूस खरेदीच्या काटापट्टीचं ॲप कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेत केलं. माझ्या फोनवर नीट चालतं. जिनिंगवरच्या काही फोनवर मात्र वजन टाकून 'जतन करा' दाबलं की बंद पडतं. बोऱ्यांची संख्या टाकली तर बंद पडत नाही. शिवाय त्याच फोनवरच्या पट्ट्या सर्व्हर 'तारीख चुकीची' म्हणून परत पाठवतो. (हिंगणघाट)

उत्तर : तुमचा फोन इंग्रजीत आणि ते फोन मराठीत असणार. फोनची भाषा मराठी असली की अँड्रॉइड आकडेही देवनागरीत छापतो. दोन दशांशांपर्यंत वजन मांडायला तुम्ही 'फॉरमॅट' वापरलं असेल आणि त्याला लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिलं नसेल, तर ते फोनचंच लोकेल घेतं. मग वजन देवनागरीत तयार होतं आणि पुढच्या ओळीत मजकुराचा आकडा करणारं 'टू-डबल' त्यावर अडतं. लॉगकॅटमध्ये (फोनमधल्या चुकांची नोंद दाखवणारी खिडकी) 'नंबर फॉरमॅट एक्सेप्शन' दिसेल.

बोऱ्या का चालतात? पूर्णांक वाचणारं 'टू-इंट' देवनागरी आकडे ओळखतं, दशांश वाचणारं 'टू-डबल' ओळखत नाही. त्यामुळे हा दोष हमाल-मापाऱ्यांच्या साध्या चाचणीत सुटून जातो आणि साडेबारा क्विंटलची गाडी काट्यावर आली की उघडा पडतो. तारखेचं दुखणंही तेच : 'सिंपल डेट फॉरमॅट'ला फोनचं लोकेल दिलंय, म्हणून सर्व्हरकडे देवनागरी तारीख जाते.

उपाय असा. साठवायचा, पाठवायचा किंवा हिशोबात घ्यायचा प्रत्येक आकडा मांडताना 'लोकेल डॉट रूट' (कुठल्याच भाषेला न बांधलेलं लोकेल) स्पष्ट लिहा. फोनचं लोकेल फक्त पडद्यावर दाखवण्यापुरतं ठेवा. ते काढून टाकू नका, शेतकऱ्याला पट्टी मराठी आकड्यांत वाचायला मिळालीच पाहिजे. माणसाने टाइप केलेला मजकूर वाचण्याआधी देवनागरी आकडे बदलून घ्या : देवनागरी शून्याचा युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला) क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८, म्हणजे प्रत्येक देवनागरी आकड्यातून २३५८ वजा केले की झालं. आणि यापुढे स्वतःचा चाचणीचा फोन मराठीतच ठेवा.

प्रश्न : सभासदांच्या यादीत 'वऱ्हाडे' आडनाव डोळ्यांना दिसतं, पण शोधलं तर सापडत नाही. (अकोट)

उत्तर : 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' ही जोडाक्षरं दोन प्रकारे टाइप होतात. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलंत देतात. काही साधा 'र', हलंत आणि त्यापुढे न दिसणारा 'झिरो विड्थ जॉइनर' देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण डेटाबेस अक्षरांचे क्रमांक जुळवून पाहतो आणि ते वेगळे निघतात.

जॉइनर नुसता काढून टाकण्याची चूक बरेच जण करतात. तसं केलं की 'वर्हाडे' होतं आणि नाव बिघडतं. 'र, हलंत, जॉइनर' हे तिन्ही मिळून 'ऱ, हलंत' असं बदला. त्यानंतर युनिकोडचं 'एनएफसी' नॉर्मलायझेशन चालवा, म्हणजे सुटा नुक्ता (खालचं टिंब) लावून लिहिलेला 'ऱ'ही एकरूप होईल. हे रूप शोधासाठी वेगळ्या रकान्यात साठवा आणि शोधायला टाकलेल्या शब्दालाही तीच प्रक्रिया लावा. शेतकऱ्यांना, वऱ्हाड, दऱ्याखोऱ्या... आपल्याकडे हे अक्षर टाळताच येत नाही, तेव्हा हे काम पहिल्या दिवशीच करा.

प्रश्न : ८ जीबीच्या लॅपटॉपवर इम्युलेटर (संगणकातला आभासी फोन) सुरू केला की सगळं थिजतं. त्यात परवा ग्रेडल (कोडचं ॲप बांधणारं साधन) उतरत असताना लाईन गेली, तेव्हापासून 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' येतं. (दारव्हा)

उत्तर : दुसरं आधी. झिप अर्धवट उतरली आहे. तुमच्या यूजर फोल्डरमधल्या 'डॉट ग्रेडल', 'रॅपर', 'डिस्ट्स' इथे जाऊन फक्त त्या आवृत्तीचं फोल्डर पुसा आणि पुन्हा सिंक करा. रॅपरच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये पत्त्याच्या शेवटी 'ऑल' असेल तर 'बिन' करा, डाउनलोड लहान होतं. एकदा बिल्ड यशस्वी झाला की ग्रेडलचा ऑफलाइन मोड चालू ठेवा. नवी लायब्ररी घेईपर्यंत हॉटस्पॉटचा डेटा खर्च होणार नाही.

इम्युलेटर सोडा, खरा फोन जोडा. 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा. फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलीच जास्त असतात. 'अनऑथोराइज्ड' आलं तर फोनवरची परवानगीची चौकट तुम्ही स्वीकारलेली नाही. रेडमी, पोको फोनवर 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी'ही लागतं. लॅपटॉपवरचा सर्व्हर फोनमध्ये 'लोकलहोस्ट' म्हणून हवा असेल तर 'एडीबी रिव्हर्स' ही आज्ञा वापरा.

प्रश्न : संत्र्याचे भाव दाखवणारं, फ्लटरमध्ये (ॲप बनवण्याचं साधन) केलेलं ॲप चाचणीत चालतं, रिलीज एपीके (लोकांना द्यायची ॲपची फाइल) रिकामं दिसतं. (वरुड)

उत्तर : इंटरनेटची परवानगी फ्लटर डीबगच्या, म्हणजे चाचणीच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या परवानग्या लिहिलेली फाइल) आपोआप घालतो, 'मेन' फोल्डरमधल्या मॅनिफेस्टमध्ये ती स्वतः लिहावी लागते. एवढ्याने जमलं नाही तर सर्व्हरचा पत्ता पाहा, 'एचटीटीपीएस' नसेल तर 'लेट्स एन्क्रिप्ट'चं मोफत प्रमाणपत्र लावा.

प्रश्न : मेळघाटातल्या गावांत नेट नसतं. सर्वेक्षणाच्या नोंदी फोनमध्ये ठेवून नंतर पाठवतो, पण सर्व्हरवर काही दोनदा येतात. (धारणी)

उत्तर : नोंद पोचते, पण 'मिळाली' हे उत्तर परत येताना नेट तुटतं. फोनला वाटतं काम झालं नाही, तो पुन्हा पाठवतो. पुन्हा पाठवणं थांबवू नका, तसं केलंत तर नोंदी हरवतील. नोंद भरतानाच फोनवर तिला यूयूआयडी (दुसऱ्या कुठल्या नोंदीशी न जुळणारा क्रमांक) द्या. सर्व्हरच्या टेबलात तो रकाना 'युनिक' ठेवा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर चूक न दाखवता 'मिळाली' असंच उत्तर द्या. ते उत्तर हाती येईपर्यंत फोनवरची नोंद 'बाकी' राहू द्या.

पाठवण्यासाठी 'वर्कमॅनेजर' (पडद्यामागे कामं करणारी अँड्रॉइडची लायब्ररी) घ्या आणि नेट असण्याची अट लावा. ठरावीक वेळाने चालणारं काम त्यात १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने लावता येत नाही. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला तेही अडवून धरतात. म्हणून पडद्यावर 'बाकी नोंदी : ७' असा आकडा आणि 'आता पाठवा' बटण हवंच. दिवसभर पायपीट करून भरलेली माहिती गेली की नाही, हे आशाताईंना धारणीच्या स्टँडवर उभ्या उभ्या कळलं पाहिजे. फोटो नोंदीसोबत पाठवू नका. आधी नोंद जाऊ द्या, मागून लहान केलेला फोटो.

प्रश्न : लॅपटॉप फॉरमॅट केला, कीस्टोअर (ॲपवर सही करायच्या किल्लीची फाइल) गेली. प्ले स्टोअरवरचं ॲप आता अपडेट करता येईल का? (चिखली)

उत्तर : 'प्ले ॲप साइनिंग' चालू असेल तर येईल. खरी किल्ली गूगलकडे असते, तुमची हरवली ती अपलोड किल्ली. नवी किल्ली बनवा, तिचं प्रमाणपत्र 'पेम' फाइलमध्ये काढा आणि खात्याच्या मालकाच्या लॉगिनने प्ले कन्सोलमधून अपलोड किल्ली बदलण्याची विनंती करा. साइनिंग चालू नसेल तर नव्या पॅकेज नावाने वेगळं ॲप टाकावं लागेल. नवी कीस्टोअर पेन ड्राइव्हवर आणि पासवर्ड वहीत, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.