प्लेटा वेल्ड करून बनवलेला कॉलम आतल्या ताणामुळे कमजोर होतो का?

भाऊ, जळगाव एमआयडीसीतल्या शेडसाठी तुम्ही विचारलंय, तर हो, थोडा होतो. पण डिझाइनमध्ये ते धरलेलं असतं.

वेल्ड थंड होताना आकसतो, शेजारची थंड प्लेट त्याला आकसू देत नाही. मग वेल्डजवळ खेच राहते, कधी पार यील्डइतकी (ज्या ताणाला स्टील कायमचं ताणलं जाऊ लागतं), म्हणजे ई२५० या नेहमीच्या स्टीलला २५० एमपीएच्या (ताणाचं एकक) आसपास. त्याचा तोल सांभाळायला फ्लँजच्या, म्हणजे 'आय' आकारातल्या बाहेरच्या दोन प्लेटांच्या, कडा दाबात जातात. वरून छताचा भार आला की त्या कडा आधी यील्ड होतात आणि कॉलम लवकर वाकतो. आखूड, जाड कॉलमला फारसा फरक नाही. मधल्या उंचीच्यांना जास्त. म्हणूनच आयएस ८००:२००७ या स्टील बांधकामाच्या भारतीय मानकात ४० मिमीपर्यंत जाड फ्लँजच्या वेल्डेड आय-सेक्शनला कमजोर अक्षासाठी (ज्या दिशेने तो सहज वाकतो) 'सी' वक्र आहे, जो 'ए' आणि 'बी' वक्रांपेक्षा कमी ताकद धरतो.

फ्लँजवर बाहेरून आडवी सरळ पट्टी लावून बघा: मधोमध टेकते, कडांना फट दिसते. ती त्याच आकसण्याची खूण.

आपल्याकडे कोणी सांगतं, मे महिन्यात उन्हात टाकून ठेवा, ताण निघतो. भुसावळचं ऊनही कमी पडेल, सुमारे ६०० अंश लागतात! त्यापेक्षा वेल्ड ड्रॉइंगइतकाच ठेवा, उगाच जाड नको, आणि दोन्ही बाजूंनी आळीपाळीने मारायला सांगा.