मल्टिपल स्क्लेरोसिस : संशय टी पेशींवर, औषध बी पेशींवर

प्रश्न : वहिनींना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. डॉक्टरांनी ऑक्रेलिझुमॅब सुचवलंय. ते बी पेशी मारतं म्हणे. पण हा आजार तर टी पेशींचा ना?

उत्तर : या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. टी आणि बी या प्रतिकारशक्तीच्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी; अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी बी पेशींपासूनच तयार होतात. दोष टी पेशींचा, असं बरीच वर्षं मानलं जायचं, कारण उंदरांवरचे प्रयोग तेच दाखवत. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यूरॉलॉजिस्ट स्टीफन हाउझर यांनी मार्मोसेट या चिमुकल्या माकडांवर काम केलं. त्यांच्यात माणसासारखं मायलिन (चेतातंतूंवरचं आवरण) झडायला नुसत्या टी पेशी पुरेनात, अँटिबॉडीही लागत. मग बी पेशीच हटवून पाहायचं ठरलं. बी पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधाच्या १०४ रुग्णांवरील चाचणीचा निकाल २००८ मध्ये छापून आला : एमआरआयमध्ये उजळणारे ताजे डाग ९१ टक्क्यांनी कमी!

खरी गंमत पुढेच. हे औषध सीडी-२० हे प्रथिन असलेल्या पेशी टिपतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर हे प्रथिन जवळपास नसतंच, म्हणून त्या वाचतात आणि अँटिबॉडी बनत राहतात. तरी बाराव्या आठवड्यातच फरक दिसला. म्हणजे मूळ तर्क अर्धाच बरोबर होता. बी पेशी टी पेशींना चिथावतात, तेही तितकंच महत्त्वाचं.

सीडी-२० वरच नेम धरणाऱ्या ऑक्रेलिझुमॅबला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. शिरेतून ३०० मिलिग्रॅम, १४ दिवसांनी पुन्हा ३००, नंतर दर सहा महिन्यांनी ६००. आधी हेपटायटिस-बीची तपासणी हवीच, नाहीतर दबलेला विषाणू उसळू शकतो. जिवंत विषाणूंच्या लसी किमान चार आठवडे आधी उरकाव्यात. झालेली इजा मात्र याने भरून येत नाही.