मुलांसह युरोपातला मोटारप्रवास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातील आंबा बागायतदार आहोत. हंगाम आटोपल्यावर, मेअखेरीस, पंधरा दिवसांसाठी युरोपला जाण्याचा विचार आहे. मी, यजमान, सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी असे पाच जण आहोत. नणंद जर्मनीत श्टुटगार्टला राहते. तिच्याकडून निघून भाड्याच्या मोटारीने अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस आणि रोम पाहून परत यावे, असा यजमानांचा बेत आहे. त्यांना घाटात गाडी चालवण्याची सवय आहे, पण हा प्रवास मुलांना झेपेल का, अशी मला शंका वाटते. शिवाय नणंदेसाठी हापूसची पेटी नेता येईल का, तेही सांगावे.
— एक वाचक भगिनी, देवगड तालुका

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आपल्या यजमानांनी आखलेला फेरा साडेतीन हजार किलोमीटरांहून मोठा आहे, म्हणजे देवगडहून मुंबईला जाण्याच्या अंतराच्या जवळजवळ आठपट. पंधरा दिवसांनी भागले तर रोजचे अडीचशे किलोमीटर येतात आणि कागदावर ते सोपे वाटतात. परंतु प्रत्येक शहरात एकदोन दिवस थांबायचे ठरवले की उरलेल्या दिवसांवर पाचशे-सहाशे किलोमीटरांचा भार पडतो, आणि तो दिवस चार वर्षांच्या मुलीने पट्ट्याने बांधलेल्या आसनात काढायचा असतो. गणपतीला मुंबईहून गावी येताना गाडीत मुलांची जी अवस्था होते ती आपण पाहिलेली असेल. तिथे निदान वाटेत ओळखीचे घर भेटते.

माझे स्पष्ट मत असे आहे की लहान मुलांबरोबरच्या प्रवासात देश मोजू नयेत, मुक्काम मोजावेत. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि एका ठिकाणी दोन रात्रींपेक्षा कमी राहायचे नाही, असे ठरवले तर रोम, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम आणि व्हेनिस आपोआप गळतात. त्यांचे वाईट वाटून घेऊ नका. या शहरांच्या जुन्या भागांत मोटार ही अडचणच असते. इटलीतील बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी परवान्याशिवाय मोटार नेण्यास मनाई आहे, कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी घरी पोहोचतो. ती शहरे मुले मोठी झाल्यावर रेल्वेने पाहावीत.

त्याऐवजी श्टुटगार्टहून दक्षिणेकडे एक लहान वर्तुळ आखा. पहिल्या तीन रात्री नणंदेकडे काढाव्यात, कारण आपल्याकडची वेळ साडेतीन तास पुढे असल्यामुळे मुले पहाटे तीनलाच उठून बसतात आणि ते घरच्या माणसांत सुसह्य होते. पुढच्या तीन रात्री कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी, मेर्सबुर्गच्या आसपास राहावे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड असे तीन देश या एका सरोवराला लागून आहेत. मेर्सबुर्ग ते कॉन्स्टन्स मोटारी वाहून नेणारी फेरीबोट रात्रंदिवस चालते आणि सुमारे पंधरा मिनिटांत पलीकडे पोहोचवते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ या फेरीबोटींत बसलेल्या मुलांना ती लगेच आपली वाटेल. प्रवासातील अशा ओळखीच्या गोष्टी मुलांना किती धीर देतात, याचा अनुभव मी माझ्या दोन्ही मुलांबरोबर घेतला आहे.

तिथून स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेन खोऱ्यापर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर अंतर आहे. हा आपल्या प्रवासातील लांबच्या टप्प्यांपैकी एक असेल, म्हणून तो ल्युसर्नला तोडावा. तिथल्या वाहतूक संग्रहालयात रेल्वेची इंजिने, विमाने आणि बोटी आहेत. आपल्या मुलाला दुपार पुरणार नाही. ल्युसर्नहून पुढे जाणारी ब्रुनिग खिंड केवळ १००८ मीटर उंचीची असल्यामुळे ती मेअखेरीस निश्चिंतपणे पार करता येते. ग्रिमसेल आणि सुस्टेन या दोन हजार मीटरांवरील खिंडी मात्र त्या सुमारास बर्फामुळे बंद असू शकतात, म्हणून त्यांच्यावर बेत अवलंबून ठेवू नये.

लाउटरब्रुनेनमध्ये पाच रात्री राहा, असे मी आग्रहाने सांगते. स्टाउबबाख हा जवळजवळ तीनशे मीटर उंचीचा धबधबा गावातूनच दिसतो. डोंगराच्या पोटातून कोसळणारा ट्रुमेलबाख धबधबाही जवळच आहे; तिथे चार वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो, पण आपली मुलगी चार वर्षांची असल्यामुळे ही अडचण येणार नाही. वेंगेन आणि म्युरेन या वरच्या गावांत मोटारी जातच नाहीत. गाडी खाली ठेवून आगगाडीने वर जायचे, तिथे मुलांना मोकळे सोडायचे आणि सासूबाईंनी बाकावर निवांत बसायचे, असा एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवावा. ३४५४ मीटरांवरील युंगफ्राउयोखला नेण्याचा आग्रह अनेक जण करतील. तिथली हवा विरळ असते आणि तिकीट महाग असते, त्यामुळे सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो विचार करू नये. मी तर तो सोडूनच देईन. परतीला जर्मनीतील फ्रायबुर्गजवळ दोन रात्री काढल्या की काळ्या अरण्याचा (ब्लॅक फॉरेस्टचा) परिसर पाहता येतो, आणि मुलांना झोपाळे-पाळण्यांचा मोठा बाग हवा असेल तर रुस्ट येथील युरोपा-पार्क तिथून जवळ आहे. शेवटची रात्र पुन्हा नणंदेकडे. एक गोष्ट लक्षात ठेवा : श्टुटगार्ट ज्या प्रांतात येते तिथल्या शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या आगेमागे सुमारे दोन आठवडे सुटी असते. तो सण बहुधा मेच्या उत्तरार्धात किंवा जूनमध्ये येतो, म्हणून सरोवराकाठच्या खोल्या लवकर राखून ठेवाव्यात.

या आखणीत जर्मनीतील रात्री सर्वांत जास्त असल्यामुळे शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, अर्ज जर्मनीकडे करावा लागेल. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. आपल्या मुलीला शुल्क लागणार नाही. व्हिसासाठी बारा वर्षांखालील मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा प्रत्येकासाठी आवश्यक आहे आणि सासूबाईंच्या वयामुळे त्यातील अटी नीट वाचून घ्याव्यात. यजमानांनी जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तो एक वर्ष चालतो आणि मूळ परवान्यासह जवळ ठेवावा लागतो.

आता मोटारीविषयी, कारण खरी अडचण तिथे आहे. जर्मनीत बारा वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना विशेष आसनातच बसवावे लागते. स्वित्झर्लंडमध्येही बारा वर्षे किंवा १५० सेंटिमीटर हीच मर्यादा आहे. म्हणजे आपल्या दोन्ही मुलांना आसने लागणार. साध्या मोटारीच्या मागच्या बाकावर अशी दोन आसने लावली की मध्ये मोठ्या माणसाला बसण्याइतकी जागा बहुधा उरत नाही, आणि सासूबाईंना तीन तास तिथे आक्रसून बसवणे योग्य नाही. म्हणून सात आसनांची गाडी घ्या; मात्र तिसरी रांग उघडली की डिकी नाहीशी होते, त्यामुळे पाच जणांत तीन मध्यम बॅगांपलीकडे सामान नेऊ नका. मुलांची आसने भाड्याने घेतल्यास रोजचे पैसे पडतात, तेव्हा नणंदेला तिच्या ओळखीत विचारून ठेवायला सांगा. गाडी स्वयंचलित गिअरची हवी, हे आरक्षण करतानाच सांगावे. घाटाची सवय उपयोगी पडेलच, पण तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचे असते आणि चालक डावीकडे बसतो. अशा वेळी गिअरचा हात बदलण्याची भर नको. गाडी स्वित्झर्लंडला नेणार हे भाड्याच्या कार्यालयाला आधी कळवावे आणि तिथल्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचे वार्षिक पथकर-चिन्ह (व्हिनिएट) घ्यावे. एक दिवसाचे चिन्ह मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये दिवसाही दिवे लावून गाडी चालवावी लागते. महामार्गावर वाहने खोळंबली की डाव्या रांगेने डावीकडे व बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मधली वाट मोकळी ठेवायची असते. हा नियम यजमानांनी निघण्यापूर्वीच मनात पक्का करावा. अडचणीत ११२ हा क्रमांक लावावा.

हापूसविषयी सांगताना मलाच वाईट वाटते. युरोपीय संघात ताजी फळे नेण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि प्रवाशाच्या सामानालाही हा नियम लागू आहे. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढी फळे वगळली आहेत, आंबा त्यांत नाही. फळमाशी सापडल्यामुळे २०१४ च्या मे महिन्यात संघाने भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती आणि २०१५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, हे बागायतदार म्हणून आपणास आठवत असेल. तेव्हा पेटी नको. तिच्या जागी आंबापोळी, फणसपोळी, कोकमे आणि कुळथाचे पीठ न्यावे. तूप, पेढे, खवा असे दुधाचे पदार्थ आणि मांस नेण्यास मनाई आहे. सुके खोबरे तेलामुळे पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या सामानात ते चालत नाही. मुक्कामासाठी स्वयंपाकघर असलेली सदनिकाच घ्यावी, म्हणजे दमून आलेल्या मुलांना मऊभात किंवा पिठी-भात देता येतो. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून दूध, तांदूळ आणि भाजी शनिवारीच आणून ठेवावी.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलीला आंबा घाटात हमखास गाडी लागते. पुढच्या वर्षी आम्ही स्वित्झर्लंडमधून इटलीकडे मोटारीने जाणार आहोत. काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव शरीर हलत असल्याचे सांगतो आणि डोळे मात्र पुस्तकावर किंवा मोबाइलवर खिळलेले असतात, या विसंगतीमुळे गाडी लागते. दोन ते बारा या वयात हा त्रास अधिक असतो. तेव्हा मोबाइल बंद ठेवावा, तिला समोरचा रस्ता दिसेल अशा जागी बसवावे आणि निघण्यापूर्वी हलके खायला द्यावे. पोट रिकामे ठेवल्यानेही मळमळते. औषध बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच द्यावे आणि ते आधी आंबा घाटातच एकदा देऊन पाहावे, कारण काही मुलांना त्याने फार झोप येते.

इटलीकडे जाताना २१०६ मीटर उंचीच्या गॉटहार्ड खिंडीतून वळणे घेत जाण्यापेक्षा तिच्या खालचा बोगदा निवडावा. १९८० मध्ये खुला झालेला हा बोगदा जवळजवळ सतरा किलोमीटर लांबीचा आणि बराचसा सरळ आहे. सुट्यांत त्याच्या तोंडाशी लांब रांगा लागतात आणि आत थांबता येत नाही, म्हणून बोगद्याच्या उत्तरेकडील तोंडाशी असलेल्या ग्योशेनेनच्या आधीच्या विश्रांतिस्थळावर मुलीला खाली उतरवून थोडे चालवावे. पिशव्या, ओले रुमाल आणि एक जादा फ्रॉक तिच्या आसनाजवळच ठेवावा, डिकीत नव्हे.