मानवी ऊतीत थ्रॉम्बिनचा (रक्त गोठवणाऱ्या एन्झाइमचा) पीएआर-१ रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं त्याचा संदेश घेणारं प्रथिन, शोधायचा आहे. एटीएपी-२ अँटिबॉडी घेऊ की स्पॅन-१२?

तुम्हाला रिसेप्टर आहे एवढंच दाखवायचंय, की तो थ्रॉम्बिनने अजून कापलेला नाही हेही? थ्रॉम्बिन त्याचं टोक ४१व्या आर्जिनिन आणि ४२व्या सेरिन या अमिनो आम्लांच्या मध्ये कापतं. स्पॅन-१२ नेमकी त्याच जागी बसते, त्यामुळे कापलेला रिसेप्टर तिला दिसत नाही. एटीएपी-२ला दोन्ही चालतात. नुसत्या शोधासाठी मी तीच घेईन.

कंट्रोलला (तुलनेच्या नमुन्याला) उंदराच्या प्लेटलेट घेऊ नका, त्यांच्यावर पीएआर-१ नसतो (मानवी प्लेटलेटवर मात्र तोच प्रमुख). आणि कॅटलॉगमधल्या देखण्या फोटोंवर भुलू नका! अशा रिसेप्टरांच्या अँटिबॉडी भलत्याच प्रथिनांना चिकटणं नेहमीचंच. एफ-२-आर (पीएआर-१चा जीन) काढलेल्या पेशींवर आधी तपासा, मगच ऊतीचे मोजके काप खर्ची घाला.