मासे मिनेसोटाचे, झडती विस्कॉन्सिनमध्ये: दंड भरून मोकळं व्हावं का?

प्रश्न: आम्ही इलिनॉयमध्ये राहतो. मेअखेरीच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत मी, माझे मेहुणे आणि माझा ११ वर्षांचा मुलगा मिनेसोटातल्या एका तलावावर तीन दिवस गळ टाकायला गेलो होतो. माझा आणि मेहुण्यांचा परवाना रीतसर काढलेला होता. क्रॅपी या गोड्या पाण्यातल्या माशाची मर्यादा माणशी १० असं वाचलं होतं. तिघं जण, तीन दिवस, म्हणजे ९० पर्यंत चालतील असा हिशोब केला. रोज संध्याकाळी मासे साफ करून फिले, म्हणजे काटे काढलेले तुकडे, गोठवत होतो. परतताना विस्कॉन्सिनमध्ये गॅस स्टेशनवर एका वॉर्डननं (शिकार-मासेमारीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्यानं) मागची बोट बघून चौकशी केली. मी कूलर उघडून दिला. ४६ मासे निघाले. त्यानं मासे आणि कूलर जप्त करून पावती दिली. तीन आठवड्यांनी मिनेसोटाच्या कोर्टाचं तिकीट पोस्टानं आलं. तिथल्या अधिकाऱ्यानं फोनवर निरोपही ठेवलाय, ‘परत फोन करा, तुमची बाजू समजून घ्यायची आहे.’ पत्नी म्हणते, दंड भरा आणि विषय संपवा. माझा नागरिकत्वाचा अर्ज दाखल आहे. काय करू?

उत्तर: नमस्कार. आधी सांगते ते ऐका. दंड भरू नका आणि तो फोनही परत करू नका. निदान या आठवड्यात तरी नको. का, ते सविस्तर सांगते.

तुमच्या हिशोबात दोन चुका आहेत. पहिली चूक इतकी सर्रास होते की तुम्हाला दोष द्यायला मन धजत नाही. मर्यादा दोन प्रकारच्या असतात: एका दिवसात किती मासे धरायचे याची एक आणि एका वेळी ताब्यात किती ठेवायचे याची दुसरी. मिनेसोटात बहुतेक जातींसाठी दोन्ही आकडे एकच आहेत. पिवळ्या पर्च माशाला सवलत आहे, दिवसाला २० आणि ताब्यात ४०. क्रॅपीला तशी सवलत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही १० क्रॅपी धरून फ्रीझरमध्ये ठेवलेत, की ते संपेपर्यंत दुसऱ्या दिवशी एकही ठेवता येत नाही. मासा कूलरमध्ये असो, रिसॉर्टच्या फ्रीझरमध्ये असो की घरच्या, तो तुमच्या ताब्यातच धरला जातो. तिथेच शिजवून खाल्लेले मासे मात्र ताब्यात मोजत नाहीत. तीन दिवस मुक्काम म्हणजे तिप्पट मासे, असं गणित तिथे चालत नाही.

दुसरी चूक मुलाच्या बाबतीत झाली. परराज्यातल्या १६ वर्षांखालच्या मुलाला मिनेसोटात आई किंवा वडिलांच्या परवान्यावर गळ टाकता येतो, पण मग त्यानं धरलेले मासे त्या पालकाच्याच मर्यादेत मोजले जातात. मुलासाठी वेगळा परवाना काढला असता तर त्याची स्वतःची मर्यादा मिळाली असती. तुम्ही तो काढलेला नाही. म्हणून तुमचे १० आणि मेहुण्यांचे १०, एकूण २०. कूलरमध्ये ४६ होते. २६ जास्त.

माझ्या टेबलावर येणाऱ्या अशा प्रकरणांत दृश्य बहुधा एकच असतं. दह्याच्या रिकाम्या डब्यात फिले एकाला एक चिकटून लादीसारखे गोठलेले, आणि वॉर्डन गाडीच्या मागच्या फळीवर ती लादी वितळायची वाट बघत उभा. दोन फिले म्हणजे एक मासा, असं मोजत तो पुढे सरकतो. मिनेसोटाच्या नियमानुसार प्रवासात नेलेले मासे सुटे करता आले पाहिजेत, मोजता आले पाहिजेत आणि कोणत्या जातीचे ते ओळखता आलं पाहिजे. वॉलायसारख्या माशाच्या फिलेवर तर एक इंच चौरस त्वचा खवल्यांसकट ठेवावीच लागते. वितळलेल्या लादीतले तुकडे मोजताना चूक होऊ शकते. म्हणून ४६ हा आकडा आला कसा, हे तुमच्या वकिलानं विचारायलाच हवं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. पत्रात तुम्ही तो थेट लिहिलेला नाही, पण मला दिसतो: विस्कॉन्सिनच्या माणसाचा मिनेसोटाच्या माशांशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो सव्वाशे वर्षं जुना आहे. १९०० साली अमेरिकेच्या काँग्रेसनं लेसी कायदा केला. आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावानं तो ओळखला जातो. एका राज्यात बेकायदा मारलेले पक्षी रेल्वेनं दुसऱ्या राज्यात नेऊन विकायचे आणि कायद्याच्या हाती लागायचं नाही, हा तेव्हाचा धंदा होता. पॅसेंजर पिजन हा रानकबुतरासारखा पक्षी जवळपास संपला होता. शेवटचा १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. १९२६ मध्ये ब्लॅक बास माशासाठी असाच वेगळा कायदा आला आणि १९८१ मध्ये तो लेसी कायद्यातच मिसळला गेला. आज या कायद्यानुसार, एका राज्याचा नियम मोडून धरलेला किंवा बाळगलेला मासा दुसऱ्या राज्यात नेणं हा केंद्रीय कायद्याचा वेगळा भंग ठरतो. त्यासाठी मासे विकायला हवेत असं नाही, वाहतूकही पुरते. शिवाय बऱ्याच राज्यांच्या स्वतःच्या कायद्यांतही परराज्यात बेकायदा धरलेले मासे बाळगायला मनाई आहे. पाण्यातून बाहेर काढताना जो नियम त्या माशाला लागू होता, तो हद्द ओलांडली म्हणून सुटत नाही.

यावर घाबरून जाऊ नका. लेसी कायद्यातली फेलनीची (गंभीर गुन्ह्याची) शिक्षा, म्हणजे ५ वर्षांपर्यंत कैद आणि २०,००० डॉलरपर्यंत दंड, ही जाणूनबुजून केलेल्या आयात-निर्यातीसाठी आहे किंवा ३५० डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या मालाच्या खरेदी-विक्रीसाठी. तुम्ही काही विकलं नाही. त्याखालचा मिसडिमीनर, म्हणजे सौम्य गुन्हा, एक वर्षापर्यंतच्या कैदेचा आणि १०,००० डॉलरपर्यंतच्या दंडाचा आहे. त्यात ‘योग्य काळजी घेतली असती तर समजलं असतं’ इतकं सिद्ध झालं तरी चालतं, आणि तुमच्यासारख्यांना हाच शब्दप्रयोग बोचतो. दिवाणी दंडाची तरतूदही आहे, पण नुसती वाहतूक असेल आणि माशांची किंमत ३५० डॉलरच्या आत असेल, तर मूळ राज्याच्या कायद्यातल्या कमाल दंडापलीकडे ती जात नाही. घरी खायला नेलेल्या २६ जादा क्रॅपींसाठी केंद्र सरकारचे वकील कोर्टात उभे राहतील, असं मला वाटत नाही. पण मेहुण्यांनी त्या सहलीसाठी कुणाकडून वाटाड्या म्हणून पैसे घेतले असतील, तर ते मला नाही, तुमच्या वकिलाला आजच सांगा. वाटाड्याची सेवा पैसे घेऊन देणं हीसुद्धा या कायद्यात विक्रीच आहे.

तुमचा खरा प्रश्न मिनेसोटाचं तिकीट आणि नागरिकत्वाचा अर्ज यांच्या मध्ये अडकलेला आहे.

तिकिटावर छापलेली रक्कम ऑनलाइन भरणं आणि पार्किंगचा दंड भरणं यात फार फरक आहे. मिनेसोटात असं तिकीट भरलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. तिकिटावर कोणती पायरी लिहिली आहे ते आधी बघा. ‘पेटी मिसडिमीनर’ (किरकोळ नियमभंग) असेल तर मिनेसोटाच्या कायद्यात तो गुन्हा म्हणून धरत नाहीत. मिसडिमीनर असेल तर तो गुन्हा आहे, ९० दिवसांपर्यंत कैद किंवा १,००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जादा माशांची सरकारनं ठरवलेली भरपाई किंमत फार वर गेली तर पायरी आणखी वर चढते. क्रॅपीच्या बाबतीत तुम्ही तिथवर पोचाल असं वाटत नाही, पण आकडा तपासून घ्या.

तुम्हाला मिनेसोटाचा परवाना असलेला वकील लागेल. मी इलिनॉयमध्ये वकिली करते, मिनेसोटाच्या कोर्टात तुमच्यासाठी उभी राहू शकत नाही. त्या वकिलाशी पहिल्याच फोनवर एक गोष्ट बोला. मिनेसोटात सौम्य प्रकरणं मिटवण्याचे दोन मार्ग नेहमीचे आहेत. एकात आरोपी गुन्हा कबूल करतो, पण न्यायाधीश दोषी ठरवणं लांबणीवर टाकतात, आणि अटी पाळल्या की प्रकरण निकाली निघतं. दुसऱ्यात कबुली नसतेच. प्रकरण काही महिने तसंच ठेवतात आणि नंतर काढून टाकतात. राज्याच्या दृष्टीनं दोन्हींचा शेवट जवळपास सारखा. इमिग्रेशनच्या कायद्यात मात्र जमीनअस्मानाचा फरक आहे. कबुली दिली आणि वर एखादी अट किंवा दंड लागला, की राज्यानं ‘दोषी नाही’ म्हटलं तरी केंद्राच्या व्याख्येत ते दोषसिद्धी ठरू शकतं. म्हणून आग्रह दुसऱ्या मार्गाचा धरा. फौजदारी वकिलानं अशिलाला देशाबाहेर काढलं जाण्याच्या धोक्याबद्दल सल्ला दिलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं आहे. नागरिकत्वाचा अर्ज तर त्याहून नाजूक. तेव्हा हे विचारताना अवघडू नका.

मर्यादेपेक्षा जास्त मासे बाळगल्यानं नागरिकत्व हातचं जातं, असं मला वाटत नाही. ते जाऊ शकतं ते लपवाछपवीमुळे. अर्जात अटक, तिकीट, आरोप यांबद्दल विचारतात आणि मुलाखतीत शपथेवर तेच पुन्हा विचारतात. ‘ते काय, माशांचं होतं’ म्हणून तिथे ‘नाही’ म्हणालात, तर माशांच्या प्रकरणाला खोट्या साक्षीचं वळण लागतं आणि चांगल्या चारित्र्याची अट तिथेच मोडते. अर्ज दाखल केल्यानंतर तिकीट आलं असलं तरी मुलाखतीत ते सांगा, आणि कोर्टाच्या अंतिम आदेशाची शिक्क्याची प्रत सोबत न्या.

पत्नींचा सल्ला पैशांच्या हिशोबानं शहाणपणाचा वाटतो, पण त्यांना हे माहीत नसावं. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. तिकिटाकडे दुर्लक्ष करायचा विचार कुणी सुचवला तर तोही नको. जवळपास सगळी राज्यं एका आंतरराज्य करारात आहेत. मिनेसोटाला उत्तर दिलं नाही तर इलिनॉयमधलाही तुमचा मासेमारीचा परवाना निलंबित होऊ शकतो, आणि एका राज्यानं परवाना रद्द केला की बाकीची राज्यंही तो निर्णय मानतात.

आता त्या फोनबद्दल. ते अधिकारी सज्जन असतील, बोलणं गोड असेल, पण ‘तुमची बाजू’ म्हणजे तुमचा जबाब. ९० माशांचा हिशोब तुम्ही मला ज्या प्रामाणिकपणे लिहिलात, तसाच त्यांना सांगितलात, तर ताबा आणि संख्या दोन्ही तुमच्याच तोंडून सिद्ध होतील. एवढंच कळवा: ‘माझे वकील तुमच्याशी बोलतील.’ केंद्रीय अधिकाऱ्याचा फोन आला तरी हेच सांगा. त्याला खोटं सांगणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

झडतीबद्दल एक गोष्ट आठवून लिहून ठेवा: कूलर उघडण्याआधी नेमके काय शब्द झाले? या विषयावर मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मुद्दाम सांगते. २००२ मध्ये न्यायालयानं म्हटलं, की बर्फावरच्या मासेमारीच्या झोपडीत अधिकाऱ्यानं वॉरंट किंवा संमतीशिवाय शिरायचं नाही. २००३ मध्ये, ट्रेलरवरच्या उघड्या बोटीच्या तपासणीत मात्र अधिकाऱ्याची बाजू उचलून धरली. तुमची झडती विस्कॉन्सिनमध्ये झाली आणि कूलर तुम्ही स्वतः उघडलात, त्यामुळे हा मुद्दा कितपत टिकेल याची मला शंका आहे. तरीही त्यानं ‘उघडू का?’ असं विचारलं की ‘उघडा’ असं फर्मावलं, यानं फरक पडतो.

मेहुण्यांचा विषय जरा नाजूक आहे. दोघांनी मिळून एकच वकील करू नका. कूलरमधले मासे कुणाचे किती, यावर तुमचं आणि त्यांचं हित वेगळं होऊ शकतं, आणि नात्यात कडवटपणा यायला तेवढं पुरतं. ‘मी माझे त्यांना दिले होते’ असं आता ठरवू नका. भेट दिलेला मासा घेणाऱ्याच्या मर्यादेत मोजतात, त्यामुळे एकूण संख्या काही बदलत नाही, आणि ठरवून सांगितलेली गोष्ट उलटतपासणीत टिकत नाही. व्हॉट्सॲपच्या घरच्या ग्रुपवर रोज टाकलेले फोटोही असतीलच. ते पुसू नका आणि कुणाला पुसायलाही सांगू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप २६ माशांपेक्षा कितीतरी जड आहे.

हे सगळं मी आस्थेनं लिहिते आहे, कारण मेअखेरीस क्रॅपी अंडी घालायला उथळ पाण्यात येतात आणि थव्यानं एका जागी सापडतात. गळ टाकला की मासा, असं होतं. ताब्याची मर्यादा नेमकी त्याच दिवसांत उपयोगी पडते. मुलाला हे नक्की सांगा. त्यानं धरलेले मासे वाया गेले म्हणून तो हिरमुसला असेल.

शेवटी ती जप्तीची पावती. तिच्यावर तारीख, वेळ, ठिकाण आणि वॉर्डननं लिहिलेली संख्या असेल. ४६ हा आकडा माशांचा आहे की फिलेंचा, ते नीट वाचा. फिलेंचा असेल तर मासे २३ होतात आणि तुम्ही मर्यादेच्या फक्त तीननं वर आहात. पावतीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि मूळ कागद वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवा.